हात पोचेल तेवढेच जोडे

आमचे मोठे भाऊजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, जन्मभर लोकांच्या पायाशी बसले आणि त्याचा त्यांना अभिमान होता. बुटांच्या दुकानात ते विक्रेते. विक्रेत्याने गिऱ्हाइकापेक्षा खाली बसायचं, हा त्या दुकानाचा थोरल्या मालकांपासूनचा नियम. उभं राहून दाखवलेला जोडा अंगावर टाकल्यासारखा वाटतो, खाली बसून दाखवलेला पायाला विचारून घातल्यासारखा वाटतो, असं थोरले मालक म्हणायचे. त्यासाठी एक बुटकं लाकडी स्टूल होतं. भाऊजींच्या बसण्याने त्याला मधोमध चांगला खोलगटपणा आला होता. त्यावर बसून ते गिऱ्हाइकाची टाच तळव्यावर घेत, शूहॉर्न लावत आणि जोडा असा चढवत की चढल्यावरच कळावं.

थोरले मालक गेले, त्यांचा मुलगा गल्ल्यामागे आला. त्यांना अजून सगळे धाकटे मालक म्हणतात. धाकट्या मालकांना नातवंडं आहेत. मालकांच्या स्वतःच्या पायात शाळेचा पहिला बूट भाऊजींनी चढवला होता, म्हणून ते भाऊजींना काका म्हणतात, आणि भाऊजी त्यांना मालक. त्यात कोणाला काही चुकीचं वाटत नाही.

त्या दुकानात आणखी एक बैठक होती. दाराशी ठेवलेली हातांची खुर्ची. भाऊजींच्या आधी जे विक्रेते होते त्यांचे गुडघे गेले तेव्हा थोरल्या मालकांनी मोठ्या मनाने त्यांना त्या खुर्चीत बसवलं. काम एवढंच, आल्यागेल्याला ‘या, या’ म्हणायचं. पगार तोच. थोड्याच दिवसांत त्यांना पाय बघून माप सांगता येईनासं झालं, मग ते गेलेल्या माणसालाही ‘या’ म्हणू लागले, आणि मग तेच गेले. भाऊजी त्यांच्याविषयी फार आदराने बोलत, पण खुर्चीकडे पाठ करून. मरणाचं त्यांना फारसं काही वाटत नसे. खुर्चीचं वाटे.

दुखणं आलं ते सकाळचं आलं. आम्ही खाली राहतो, ते वर. वरच्या मजल्यावर मोठ्या जाऊबाई काय म्हणतात ते खाली ऐकू येतंच, कारण त्या ते दोन्ही मजल्यांसाठी म्हणतात. त्यामुळे मला कळलं की भाऊजींचा एक हात शर्टाच्या बाहीत गेला आहे आणि दुसरा जात नाही, आणि ते बुजगावण्यासारखे उभे आहेत. भाऊजींचं म्हणणं पडलं की उशी चुकली. उशी बदलली. मग गादी बदलली. मग पलंगाची दिशा बदलली, तेव्हा आमच्या छताचा थोडा चुना पडला. सकाळी खांदे आणि मांड्या लाकडासारख्या, दोन्हीकडच्या अगदी सारख्या. कुशीवर वळायचं तर जाऊबाईंनी ढकलावं लागे. दुपारपर्यंत मात्र माणूस बऱ्यापैकी सैल होई. हीच अडचण होती. संध्याकाळी हिंडणाऱ्या माणसाच्या सकाळच्या दुखण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ज्याला दुखतं तोही संध्याकाळी ठेवत नाही.

आमचे हे एकदा वर गेले तेव्हा भाऊजी केस विंचरत होते. कंगवा त्यांनी कपाटाच्या कडेवर दाबून धरला होता आणि डोकं कंगव्याखालून पुढेमागे नेत होते. ह्यांनी खाली येऊन मला सांगितलं की दादा ठीक आहे, केस विंचरतोय.

वय झालं, असं भाऊजी म्हणायचे. जाऊबाई म्हणायच्या, वय रोज थोडं थोडं होतं, एका रात्रीत होत नाही, डॉक्टरांकडे चला. पण डॉक्टर म्हटलं की चिठ्ठी, चिठ्ठी म्हटलं की रजा, आणि रजेवरून परतलेल्या माणसाला मालक आधी काय देतात, तर बसायला खुर्ची. भाऊजी गेले नाहीत. ते दुकानात गेले.

आता त्या दुकानाची रचना सांगायला हवी. तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर खोकी, आणि वरच्यासाठी चाकांची शिडी. भाऊजींचे हात खांद्याच्या वर जाईनात आणि कमरेतून वाकवेना. म्हणजे सबंध दुकानातून त्यांच्या वाट्याला राहिली ती कमरेपासून छातीपर्यंतची पट्टी. त्या पट्टीत नेमके होते तपकिरी, बोथट नाकाचे, जाड सोलचे जोडे. ते तिथे ठेवले होते कारण त्यांना कोणी विचारत नसे, आणि न विचारलेल्या मालाला विक्रेता निदान येताजाता कोपराचा धक्का तरी देतो.

भाऊजींनी ते विकायला काढले. खोटं ते एक अक्षर बोलत नसत. गिऱ्हाइकाने वरच्या काळ्या टोकदार जोड्याकडे बोट दाखवलं की ते त्या पायाकडे बराच वेळ बघत, टाच तळव्यावर तोलत आणि हळूच म्हणत, ‘बघा, तुमचा पाय आहे.’ मग तपकिरी पुढे करत. इतक्या वर्षांच्या माणसाने आपल्या पायाकडे असं बघितल्यावर काळा मागायचं धाडस फारच थोड्यांना होई.

हळूहळू ते गावभर दिसू लागलं. बँकेच्या रांगेत माझ्या पुढच्या तिघांच्या पायात तपकिरी. शाळेच्या सभेत मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत तपकिरी. आमचे हे एके दिवशी दुकानावरून आले ते तपकिरी घालूनच, आणि मी विचारलं तर म्हणाले, माझा पाय तसा आहे. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांच्या पायाविषयी मला काही वेगळं जाणवलं नव्हतं.

धाकटे मालक गल्ल्यामागे बसून हे सगळं बघत होते. व्यापारी माणूस. बाजाराचं वारं ओळखायचं असतं, असं वडिलांनी शिकवलेलं. वारं तपकिरी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी कोणाला न विचारता कारखान्याला ऑर्डर दिली आणि मागचं गोदाम छतापर्यंत तपकिरी जोड्यांनी भरून घेतलं. ‘काका, फॅशन परत आली,’ ते भाऊजींना म्हणाले. भाऊजींनी खोक्यांची ती रास बघितली आणि मूग गिळून बसले. खरं सांगितलं असतं तर दुखण्याचंही सांगावं लागलं असतं.

पुढचं मला दुकानात बिलं करणाऱ्या ताईंनी सांगितलं. त्या आमच्याच गल्लीत राहतात आणि बघितलेलं विसरत नाहीत. एका दुपारी एक बाई जोडे घ्यायला आल्या. भाऊजींनी जोडा चढवला, नाडी बांधली, आणि त्यांना स्टुलावरून उठता येईना. मांड्यांनी ऐकलंच नाही. तेव्हा त्यांनी नाडी सोडली आणि परत बांधली. मग दुसऱ्या पायाची. मग पुन्हा पहिल्या पायाची. बाईंना वाटलं दुकानाची पद्धत असेल. पुष्कळ वेळाने त्या हलक्या आवाजात म्हणाल्या की दोन जोड द्या, पण मला जायला हवं. शेवटी ताईंनी भाऊजींना टेकू देऊन उठवलं आणि मालकांना सांगितलं की काकांच्या पायाला मुंग्या आल्या. संध्याकाळी मात्र त्या थेट जाऊबाईंकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊजी डॉक्टरांकडे होते. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी हात वर करायला सांगितलं. भाऊजींनी जेवढे गेले तेवढे केले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच असावं. रक्त तपासलं, त्यात सूज फार निघाली. आजाराचं नाव त्यांनी पॉलिमायाल्जिया रुमॅटिका असं सांगितलं. जाऊबाईंनी ते दोनदा म्हणून बघितलं आणि दारातून बाहेर पडेपर्यंत त्याची पॉली केली. उतारवयात होतो, कशाने ते नक्की सांगता येत नाही, पण औषधाला ऐकतो, असं बाई म्हणाल्या. औषध म्हणजे स्टेरॉइडची गोळी. रोज सकाळी, काहीतरी खाऊन. हाडांसाठी कॅल्शियम वेगळं. साखर आणि रक्तदाब मधून मधून बघायचा. गोळी हळूहळू कमी करत न्यायची, त्याला वर्ष, कदाचित जास्तही लागेल, आणि आपल्या मनाने बंद करायची नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. शिवाय कानशिलं दुखली, चावताना जबडा दुखला किंवा नजर अंधुक झाली तर त्याच पावली यायचं, उद्या नाही, कारण या दुखण्याचं एक भावंड डोळ्यांवर जातं.

त्या दिवसापासून जाऊबाईंनी न्याहारीचं रूप बदललं. भाऊजींनी ब्रेडचा तुकडा तोंडात घातला की त्या त्यांच्या जबड्याकडे टक लावून बसत. ‘दुखतोय का?’ नाही. ‘मी दिसतेय का?’ दिसतेस. ‘स्पष्ट?’ भाऊजी म्हणत, हो, त्याला काही इलाज नाही.

गोळी लागू पडली ती अशी की आम्हाला आधीच्या दुखण्याची शंका यावी. दुसऱ्या सकाळी भाऊजींनी सर्वांत वरच्या फळीवरचा कप स्वतः काढला. जाऊबाई म्हणाल्या, तो कप त्या फळीवर होता हेच मी विसरले होते. मग त्यांनी हात वर करून केस विंचरले, खाली ठेवून पुन्हा विंचरले, आणि दुकानात जाऊन शिडीवर चढले.

वर वर्षानुवर्षं न हललेला माल होता. लाल टाचांचे, चंदेरी पट्ट्यांचे, पांढरे, दोन रंगी. भाऊजी ते खाली आणत आणि विकत. शिडी इकडून तिकडे धावे. बोलणंही वाढलं. झोप कमी झाली, ही गोळीच करते म्हणे, आणि उजाडायच्या आत उठून ते दोन्ही मजल्यांवरचे जोडे पॉलिश करून ठेवू लागले. माझे पांढरे कॅनव्हासचे बूट तपकिरी झाले ते तेव्हाच. भूक तर अशी की आमच्या डब्यातली बिस्किटं वरच्या मजल्यावर संपत.

दुकानात मात्र तपकिरी जोड्यांची विक्री थांबली. मंदावली नाही, थांबली. भाऊजींचा हात आता कुठेही पोचत होता आणि गिऱ्हाईक मागेल ते मिळत होतं. तपकिरी कोणी मागितलेच नव्हते कधी. धाकटे मालक गोदामाच्या दारात उभे राहत, आत बघत आणि दार लावून घेत. बाजाराचं वारं इतक्या लवकर फिरलेलं त्यांनी बघितलं नव्हतं. भाऊजी हे बघत होते. आता सांगावं की न सांगावं? सांगितलं तर म्हणणार, काका आजारी असून गप्प राहिले, गोदाम माझं भरलं. मग खुर्ची. न सांगावं तर रोज त्या बंद दारावरून जायचं.

आणि याच सुमारास त्यांना आरसा भेटला. बुटांच्या दुकानात जमिनीलगत एक तिरका आरसा असतो, त्यात गिऱ्हाइकाला पाय दिसावेत म्हणून. पण समोर बुटक्या स्टुलावर बसलेल्या माणसाला त्यात स्वतःचं तोंड दिसतं. भाऊजींना रोज परक्या पायांच्या शेजारी आपला चेहरा दिसे, आणि तो रोज थोडा गोल होत होता. गाल वर, डोळे आत. जाऊबाईंच्या बहिणीने भेटल्यावर सांगितलं की ही स्टेरॉइडची सूज, हे औषध एकदा शिरलं की निघत नाही. त्या कोणत्याही औषधाबद्दल असंच सांगतात, पण त्या दिवशी ते भाऊजींच्या ऐकण्यात आलं.

मग भाऊजींनी विचार केला. बुटांच्या दुकानात इतकी वर्षं काढलेल्या माणसाने करावा तसाच केला. शूहॉर्न कशासाठी असतं? घट्ट जोड्यात पाय जावा म्हणून. पाय गेला की ते काढून ठेवायचं. शूहॉर्न आत ठेवून कोणी चालत नाही, चाललं तर टाच सोलवटते. आपला पाय तर आत गेला आहे. हात वर जातोय, शिडी चढतोय. मग गोळी कशाला? त्यांना हे इतकं पटलं की त्यांनी ते कोणालाच सांगितलं नाही.

जाऊबाई रोज सकाळी गोळी तळहातावर ठेवत आणि घशाखाली जाईपर्यंत बघत. भाऊजी म्हणाले, आता मी दुकानात जाऊन चहा-बिस्किटाबरोबर घेतो, पोटाला बरं. गोळी कागदाच्या पुडीत जाऊ लागली. पण औषध टाकून देणं त्यांच्याने होईना. अन्न, औषध आणि जोडीतला एक बूट, या गोष्टी भाऊजी फेकत नाहीत. तेव्हा त्यांनी ती रोजची गोळी दुकानातल्या सर्वांत सुरक्षित जागी ठेवायला सुरुवात केली, जिथे कोणाचा हात जायचा नाही अशा. एका तपकिरी जोड्याच्या चवड्यात.

दोनचार दिवस काही झालं नाही. मग सकाळचं लाकूड परत आलं. शिवाय नवीनच काही; अंगात त्राण नाही, अन्न समोर आलं की मळमळ, उठलं की डोळ्यांपुढे काजवे. ज्यांची भूक घरभर फिरत होती ते कपभर दूध टाळू लागले. जाऊबाईंनी जबड्याचं विचारलं. भाऊजी म्हणाले, जबड्याला काही झालेलं नाही. ते खरंच होतं.

तशात धाकट्या मालकांनी एक उपाय काढला. मालकच जोडा घालत नाही तर गिऱ्हाईक का घालेल? त्यांनी पट्टीतलं पहिलं खोकं उघडलं आणि तपकिरी जोडा स्वतः चढवला. दिवसभर ते दुकानात गिऱ्हाइकांसमोर येरझाऱ्या घालत होते आणि उजव्या पायाने किंचित लंगडत होते. ताईंना वाटलं, नवा जोडा चावतोय. मालकांनाही तसंच वाटलं. आपल्या मालाबद्दल त्यांच्या मनात प्रथमच शंका आली, पण गिऱ्हाइकांदेखत जोडा काढून बघणं बरं दिसेना.

दुपारी एका बाईंना वरचे लाल हवे होते. भाऊजी शिडी चढले. वर पोचले, दोन्ही हातांनी खोकं धरलं, आणि तिथेच राहिले. हात खाली येईनात, पाय पायरी सोडेना. घाम फुटला होता, चेहरा चुन्यासारखा. बाई खाली वाट बघत होत्या. त्यांना वाटलं, माप वाचतायत.

ताईंनी बघितलं आणि मालकांना हाक मारली. मालकांनी शिडीला हात घातला, पण नव्या सोलचा जोडा पायरीवर सटकला. म्हणून त्यांनी जोडे काढले. उजवा काढताच त्यातून पांढऱ्या गोळ्या फरशीवर घरंगळल्या. ताई त्या वेचू लागल्या, आणि मालक मोज्यांनी वर चढले. ते भाऊजींच्या पायांपाशी पोचले. म्हणजे मालक खाली आणि विक्रेता वर, असं त्या दुकानात पहिल्यांदाच झालं.

भाऊजींना वाटलं आता आपण पडणार आणि हे न सांगताच जाणार. ते भिंतीकडे तोंड करूनच बोलले. ‘मालक, तपकिरीला मागणी नव्हती. माझा हात तिथवरच पोचत होता.’

शिडीवर मालकांना गोदामाच्या दाराचा वरचा भाग समोरच दिसत असणार.

‘आधी खोकं द्या, काका,’ ते म्हणाले. ‘मग पाय. उजवा आधी.’

आणि त्यांनी भाऊजींचा पाय तळव्यावर घेतला, टाचेखालून, जसा भाऊजी घेतात तसा, आणि पायरीवर ठेवला. मग दुसरा. असे ते खाली आले. लाल जोडे त्या बाईंना बसले नाहीत.

दवाखान्यात नेताना मालकांनी ताईंनी वेचलेल्या गोळ्या सुरक्षित राहाव्यात म्हणून परत जोड्यात घातल्या आणि जोडाच बरोबर घेतला. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर तो ठेवून ते म्हणाले, एवढ्या घेतलेल्या नाहीत. बाईंनी जोड्यात बघितलं, भाऊजींकडे बघितलं आणि आधी सलाइन लावलं, शिरेतून औषध दिलं. माणसात आल्यावर बोलल्या. रागावल्या नाहीत, त्यामुळे भाऊजींना जास्त लागलं.

भाऊजींनी त्यांना शूहॉर्नचं सांगितलं. बाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, जे औषध आपण बाहेरून देतो, तसलंच काहीसं शरीर स्वतःही रोज बनवतं. बाहेरून आयतं मिळायला लागलं की आतली ग्रंथी काम थांबवून बसते. गोळी एकदम बंद केली तर आत कोणी उठलेलंच नसतं. तिला थोडं थोडं जागं करावं लागतं. आणि दुखणंही अजून गेलेलं नाही, ते गोळीने दाबलेलं आहे.

भाऊजी छताकडे बघत पडले होते. ‘म्हणजे नवा माणूस ठेवला की जुना हात आखडतो,’ ते म्हणाले. ‘आणि नव्याला एका दिवसात काढलं तर जुन्याला बिचाऱ्याला फळी कुठे, नंबर कुठे, आठवत नाही.’

बाई म्हणाल्या, अगदी तसंच. त्यांना वाटलं हे ग्रंथीबद्दल आहे.

जाऊबाईंनी त्या दिवशी एवढंच म्हटलं की दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, हे लहान पोरालाही माहीत असतं. तुम्ही जन्मभर पायच बघितलेत आणि पावलं कळली नाहीत. मग त्या बाहेर बाकावर येऊन माझ्याशेजारी बसल्या आणि पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या. पर्समध्ये काही नव्हतं.

गोळी पुन्हा सुरू झाली, आणि खिशात कायम ठेवायला एक कार्ड मिळालं, या माणसाची स्टेरॉइड बंद करू नये असं. घरी भाऊजी बरे होत होते आणि वाट बघत होते. कशाची ते कोणी बोलत नव्हतं. केस विंचरताना हात वर जाई, पण ते दोनदा विंचरत नसत.

मालक आले ते रविवारी. इतक्या वर्षांत आमच्या घरी पहिल्यांदाच. भाऊजी नेहमीप्रमाणे आधी पायांकडे बघत होते, आणि पाय तपकिरी होते. मी चहा घेऊन वर गेले तेव्हा बोलणं अजून सुरू व्हायचं होतं. जाऊबाईंनी मला हाताने खूण करून बसवलं.

मालक म्हणाले, वरच्या फळीसाठी एक बाई ठेवली आहे. भाऊजींनी मान हलवली. मालक म्हणाले, तुम्ही शिडीला हात लावायचा नाही. भाऊजींनी पुन्हा मान हलवली. मग विचारलं, ‘खुर्चीवर गादी घालू का घरून?’

‘खुर्चीचं काय मधेच?’ मालक म्हणाले. ‘गोदाम भरलंय, काका. मी स्वतः घालून दोन आठवडे हिंडलो, एक जोडी गेली नाही. त्या नव्या बाई दिवसभर दाखवतात, लोक हसतात. ते जोडे या गावात फक्त एका माणसाने विकलेत. तुम्ही कमरेपासून छातीपर्यंतच बघायचं.’ आणि चहाचा घोट घेऊन म्हणाले, ‘माझंही चुकलंच. विचारायला हवं होतं.’

जाऊबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. भाऊजींनी मालकांच्या जोड्याकडे बघितलं आणि सांगितलं की अर्धा नंबर मोठा घातलाय.

एक प्रश्न उरला होता तो स्टुलाचा. ते इतकं बुटकं की उठताना मांड्यांवर सगळा भार येई. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, उंच करा. सुताराने त्याला लांब पाय लावून दिले. मग भाऊजी त्यावर बसले तेव्हा ते गिऱ्हाइकाच्या बरोबरीला आले, आणि हे नियमात बसेना. थोरल्या मालकांचा नियम मोडायला धाकटे मालक तयार होईनात, भाऊजी तर नाहीच नाही. शेवटी गिऱ्हाइकांची बाकडी एका लाकडी चौथऱ्यावर चढवली. आता त्या दुकानात जोडे घ्यायला गेलं की दोन पायऱ्या चढून सिंहासनावर बसल्यासारखं बसावं लागतं, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना आपण दिसतो. धंदा वाढला आहे म्हणतात. आरसाही जरा वर सरकवून गिऱ्हाइकाकडे वळवला. भाऊजींना आता त्यात आपलं तोंड दिसत नाही, आणि ते उतरत चाललंय हे आम्हीच त्यांना सांगतो.

गोळी कमी होतेय. मधे एकदा उतरवली तर खांदे कुरकुरले, तेव्हा भाऊजी गोळीच्या मात्रेची एक पायरी परत वर गेले आणि तिथे थोडे थांबले. आता भाऊजी चिडत नाहीत. जाऊबाई गोळी तळहातावर ठेवतात, भाऊजी त्यांच्यादेखत गिळतात आणि न विचारताच सांगतात, जबडा ठीक, तू दिसतेस.

गेल्या आठवड्यात मी दुकानात गेले होते. मला काळे, हलके, चालायला बरे असे हवे होते, आणि ते मला सर्वांत वरच्या फळीवर दिसतही होते. मी चौथऱ्यावर चढून बसले. शिडीच्या बाई शिडीपाशी तयार उभ्या होत्या. मी वर बोट केलं.

भाऊजींनी माझी टाच तळव्यावर घेतली आणि पायाकडे बराच वेळ बघत राहिले. मागे गोदामाचं दार उघडं होतं. रास आता खांद्यापर्यंत उतरली होती.

‘बघ,’ ते म्हणाले. ‘तुझा पाय आहे.’

मी तपकिरी घेतले. चावत नाहीत.